नावांचा फेरफार

सावंगी नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत हे मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. वर्ध्याला लागून सावंगी मेघे आहे, संभाजीनगरच्या उत्तरेला हर्सूलच्या पुढे एक सावंगी आहे, आणि जालना जिल्ह्यात आमची घनसावंगी. हा ‘घन’ आमच्या सावंगीला कुणी आणि का चिकटवला याबद्दल पारावर जितकी माणसं तितक्या कथा निघतात. त्यातली एकही छापण्याच्या लायकीची नाही. पण त्याचा उपयोग सगळ्यांना मान्य आहे. आमचं टपाल वर्ध्याला जात नाही.

एका नावाची दोन गावं निघाली तर काय करायचं, हा प्रश्न मराठी मुलखाने फार पूर्वी निकालात काढला. थोरल्याला बुद्रुक, धाकट्याला खुर्द. तेवढ्याने भागलं नाही तर देव, धंदा, माणूस, जे हाताशी सापडेल ते पुढेमागे जोडायचं. आमच्याच तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे, मंगू जळगाव आहे, मच्छिंद्रनाथ चिंचोली आहे. अंतरवाली टेंभी आमची, अंतरवाली सराटी शेजारच्या अंबड तालुक्यातली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे २०२३ साली सराटी रोज टीव्हीवर दिसू लागली, तेव्हा टेंभीच्या लोकांना लांबच्या पाहुण्यांचे किती फोन आले असतील आणि त्यांनी किती खुलासे केले असतील, याची मी कल्पना करू शकतो. जांबचं तर जांब समर्थ झालं. ज्या मुलामुळे गावाचं नाव वाढलं तो १६०८ च्या रामनवमीला ठोसरांच्या घरी जन्मला तेव्हा नारायण होता. पुढे त्याने स्वतःचंच नाव बदललं आणि तो रामदास झाला. म्हणजे नावं बदलण्याच्या कामात आमचा तालुका नवशिका नाही.

माझ्या पुतण्याचं इथे मेन रोडला दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘मल्टिसर्व्हिसेस’, आणि खाली बारीक अक्षरांत झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, पीक विमा, सातबारा, राजपत्र, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो. निवृत्त मास्तराला दुपारी टेकायला याहून बरी जागा गावात नाही. पंखा आहे, चहा येतो, आणि बसल्या जागी सगळ्या गावाचे कागद डोळ्यांखालून जातात.

या दुकानातला रोजचा घोळ म्हणजे फाइलींची नावं. कॅमेरा फोटोला नाव देत नाही, नंबर देतो. जपानमधल्या कंपन्यांच्या संघटनेने १९९८ साली ठरवून टाकलं की फोटोच्या नावात पहिली चार अक्षरं कंपनीच्या मर्जीची आणि पुढे चार आकडे. म्हणून कॅननचा फोटो ‘आयएमजी’, निकॉनचा ‘डीएससी’, आणि आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत. पुढे परत ०००१. टोकियोत बसून हे ठरवणाऱ्यांनी मराठवाड्यातली लग्नसराई पाहिलेली नव्हती. इथे फोटोग्राफरचा मीटर एका मोसमात पूर्ण फिरून पुन्हा सुरू होतो. त्यात लग्नाला कॅमेरे दोन, एक मांडवाकडचा आणि एक वऱ्हाडाकडचा. दोन्हींत बेचाळीस नंबरचा फोटो असतोच. एकात नवरीची हळद, दुसऱ्यात नवरदेवाचा कान पिळणारा मेहुणा. दोन्ही एकाच फोल्डरात टाकले की संगणक विचारतो, जुना राहू द्यायचा की त्यावर नवा घालायचा? घाईघाईत ‘हो’ दाबलं की कानपिळी राहते आणि हळद जाते. मग नवरीकडची मंडळी नातवंडांच्या मुंजीपर्यंत ते बोलून दाखवतात.

लग्नपत्रिकेच्या फाइलींचं दुखणं निराळं. तिथे नाव माणसानेच दिलेलं असतं आणि त्यात सगळा घरचा इतिहास येतो. ‘पत्रिका फायनल’. ‘पत्रिका फायनल मामांनी पाहिलेली’. ‘पत्रिका फायनल मोठ्या आत्याचं नाव वर घेतलेली’. ‘पत्रिका छापायची हीच’. आणि त्यानंतर दोन दिवसांनी ‘पत्रिका छापायची हीच किलबिल वाढवून’. ही फाइलींची नावं ओळीने वाचली तर पत्रिका उघडायची गरज पडत नाही, कोण कुणावर रुसलंय ते बाहेरूनच कळतं. पुतण्या ही नावं बदलत नाही. म्हणतो, “काका, यातलं एक जरी पुसलं तरी उद्या भांडण माझ्या काउंटरवर येतंय.”

तर अशा या दुकानात एका दुपारी जवळच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आले. सगळ्या शाळेतल्या मुलांचे फोटो त्यांनी फोनवर काढले होते, ओळखपत्रं करायची होती. फोटो पुतण्याच्या संगणकात उतरले तेव्हा शाळाभर पोरं एकाच खानदानातली निघाली, सगळ्यांचं पहिलं नाव आयएमजी. पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए, पुढे नंबर. सरांना प्रत्येक फोटोला मुलाचं नाव आणि इयत्ता हवी होती.

“एकेकावर क्लिक करून नाव टाकू का?” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात शासकीय सेवेत मुरलेल्या माणसाची तयारी होती. अशी कामं त्यांनी आयुष्यभर केली होती.

“कशाला सर? यादी करू.”

पुतण्याच्या संगणकावर विंडोज नाही. मशीन जुनं, त्याला विंडोज झेपेना, म्हणून त्याने लिनक्स टाकलं. त्याची रीत अशी. आधी काळ्या खिडकीत शेलला, म्हणजे टाइप केलेले हुकूम अमलात आणणाऱ्या प्रोग्रामला, ‘एलएस’ म्हणायचं. म्हणजे फोल्डरात जे जे पडलंय त्याची नावं शेल ओळीने सांगतो. ती पडद्यावर न सांडता एका साध्या मजकुराच्या फाइलीत ओतून घ्यायची आणि ती फाइल एडिटरमध्ये उघडायची. आता फोटो राहिले बाजूला, समोर नुसते शब्द. शब्दांचं काय वाटेल ते करता येतं. ओळी कापता येतात, चिकटवता येतात, एका फटक्यात सगळ्या ओळींच्या पुढे एकच शब्द लावता येतो. प्रत्येक ओळीत आधी ‘एमव्ही’, मग जुनं नाव, मग नवं नाव, असं झालं की ती यादी राहत नाही, तो हुकूमनामा होतो, संगणकवाल्यांच्या भाषेत स्क्रिप्ट. शेलला दिला की तो वरून खाली एकेक ओळ अमलात आणतो.

‘एमव्ही’ म्हणजे हलव. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू झालं, लिनक्स त्याच घराण्यातलं, आणि तिथे नाव बदलायलाही हाच हुकूम चालतो. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणं आणि एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणं, दोन्ही त्यांच्या लेखी एकच. फाइल आतून तीच राहते, तिचा आतला नंबरही तोच. बदलतं ते फक्त फोल्डरच्या यादीतलं नाव. हे मी पुतण्याकडून ऐकलं तेव्हा नुसतं ‘हं’ म्हणालो. त्यातली गोम पुढे ध्यानात आली.

एडिटर उघडताना एक गंमत झाली. पुतण्या विम वापरतो. ब्रॅम मूलेनार नावाच्या डच गृहस्थांनी तो १९९१ मध्ये लोकांना दिला, फुकट दिला, आणि फुकट दिल्याच्या बदल्यात एवढंच मागितलं की जमलं तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. २०२३ साली ते वारले, पण विम रिकामा उघडला की पडद्यावर ती विनंती अजून येते. मुख्याध्यापकांनी चष्मा सावरून ती वाचली, पुन्हा वाचली, आणि जरा घाबऱ्या आवाजात म्हणाले, “ही युगांडाची मुलं कुठली? आधी आमची करा ना.”

आता अडचणींचं सांगतो, कारण खरी मजा तिथेच आहे.

पहिली अडचण मोकळ्या जागेची. शेलला दोन शब्दांमधली फट म्हणजे दोन वेगळ्या वस्तू वाटतात. तुम्ही त्याला ‘कुंभार पिंपळगाव’ म्हणालात तर तो कुंभार शोधायला एकीकडे जातो आणि पिंपळगाव शोधायला दुसरीकडे, आणि परत येऊन सांगतो की दोघंही सापडले नाहीत. जांब समर्थचंही तेच. असं नाव अवतरणचिन्हांत बांधून द्यावं लागतं. परदेशात तयार झालेल्या यंत्राला जोडगावाची कल्पना नसावी हे समजू शकतं. पण मुलांची नावंही तीन-तीन शब्दांची, म्हणजे सगळ्या शाळेला अवतरणचिन्हं घालावी लागली.

दुसरी अडचण क्रमाची. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग बापाचं. आधारवर मुलाचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. सरांना आधारसारखं हवं होतं. मला वाटलं, आता हे सगळं हाताने फिरवावं लागणार. पुतण्याने शोधा-बदला उघडलं आणि त्यात कंस, ठिपके आणि चांदण्या यांची अशी एक ओळ लिहिली की छापखान्यात खिळे सांडल्यासारखी दिसावी. अर्थ एवढाच होता की ओळीतला पहिला शब्द एका कंसात पकड, दुसरा दुसऱ्यात, तिसरा तिसऱ्यात, आणि सोडताना दोन, तीन, एक या क्रमाने सोड. एडिटरमध्ये अशी नमुन्याने शब्द शोधण्याची युक्ती केन थॉम्प्सन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणली. एंटर दाबलं आणि शाळेतली सगळी आडनावं मागच्या बाकावर जाऊन बसली. मी शिक्षक म्हणून इतकी वर्षं काढली, पण एका हाकेत एवढे विद्यार्थी जागा बदलताना पहिल्यांदा पाहिले.

तिसरी अडचण मात्र गंभीर. दुसरीच्या वर्गात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघं होते आणि बापांची नावंही एकच. चुलत घरं, आजोबांच्या नावाचा आग्रह, दुसरं काय. आता ‘एमव्ही’चा स्वभाव असा की त्याला सांगितलेल्या नावाची फाइल आधीच तिथे असेल तर तो काही विचारत नाही. जुनीवर नवी ठेवतो आणि गप्प बसतो. म्हणजे दोन मुलगे आत गेले आणि एकच बाहेर आला, तरी पडद्यावर चकार शब्द नाही. एक ‘आय’ जोडला तर तो विचारतो, एक ‘एन’ जोडला तर असलेल्याला हात लावत नाही, पण हे जोडायचं आपण. मुख्याध्यापकांना हे समजल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. पटावरचा एक विद्यार्थी कमी भरणं म्हणजे काय हे शिक्षण खात्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेवटी दोघांना बुद्रुक आणि खुर्द करावं, असं मी सुचवलं. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि हजेरी क्रमांक जोडायला सांगितलं.

हजेरी क्रमांकातही खोच निघाली. एक, दोन, तीन असे आकडे टाकले तर संगणक एकानंतर दहा घेतो, मग अकरा, आणि दोनची पाळी एकोणीसनंतर येते. त्याला आकड्याची किंमत कळत नाही, तो अक्षरासारखं पहिलं चिन्ह बघतो. म्हणून एकच्या आधी शून्यं द्यावी लागतात. कॅमेरावाले ०००१ का लिहितात ते मला तेव्हा कळलं. शिवाय मराठी नावांना यंत्रात जागाही महाग पडते. लिनक्समध्ये फाइलीचं नाव २५५ बाइटांत बसवावं लागतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी मोजली जातात. म्हणजे साहेबाला अडीचशेवर अक्षरं आणि आपल्याला सगळी मिळून पंच्याऐंशी. किलबिल अशीच वाढत गेली तर पत्रिकेच्या नावाला ती पुरायची नाहीत.

अक्षरांचा आणि यादीचा असा बारकावा आमच्या जांबच्या समर्थांना नक्की आवडला असता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेवर आहे. शाई, कागद, लेखणी, ओळींतलं अंतर, समास कसा सोडावा, पहिलं आणि शेवटचं पान एकाच हातचं कसं दिसावं, हे सगळं त्यात सांगितलंय. त्यांच्या संप्रदायातली बाडं शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून गोळा केली आणि ती धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. एका बाडात दहा प्रकारचं लिहिलेलं, त्याला नाव काय देणार? म्हणून त्या बाडांना क्रमांक आहेत. मठोमठीच्या हस्तलिखितांची यादी करणाऱ्या त्या माणसाच्या चिकाटीपुढे आमचं ओळखपत्रांचं काम म्हणजे पोरखेळ.

यादी तयार झाली. मला वाटलं आता पुतण्या बटण दाबणार. पण त्याने प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘एको’ लावलं.

“हे काय करू लागलास?”

“नुसतं बोलून दाखवायला लावलं, काका. करायचं नाही अजून. काय करणार आहेस ते सांग म्हणलं.”

शेलने सगळी यादी पडद्यावर म्हणून दाखवली. याचं जुनं नाव हे, नवं नाव हे. पुतण्याने ती छापून काढली आणि मुख्याध्यापकांच्या हातात दिली. सरांनी घसा खाकरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुकानात झेरॉक्ससाठी थांबलेले वाडीवरचे दोन-चार जण होते, ते पुढे सरकले. “बापाचं नाव चुकलं सर, त्याला घरी तसं म्हणतात, कागदावर दुसरं आहे.” “ती पोरगी आता पिंपळगावला गेली, तिचा दाखला नेला ना मागच्या महिन्यात.” “फोटो तिच्या बहिणीचा आहे.” हे चावडी वाचनच होतं. सातबारे संगणकावर चढवल्यावर २०१७ साली महसूल खात्याने गावोगावी ते चावडीत वाचून दाखवले होते. कुणाचं क्षेत्र चुकलंय, कुणाचं नाव गळलंय ते लोकांनी सांगायचं. तेव्हाही असेच आवाज उठायचे.

आईच्या नावाचा मुद्दा त्या वाचनातच निघाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव आलं पाहिजे असा शासनाचा निर्णय आहे. मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव, असा क्रम. ती बाळं शाळेत यायला अजून अवकाश आहे, पण एका बाईने विचारलं, “सर, पोराला न्यायला-आणायला मी येते, डबा मी देते, मग कार्डावर माझं नाव का नको?” सरांना ते पटलं. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्याने एडिटरकडे. कंसांची सगळी विद्या तिथे थांबली. असलेले शब्द फिरवता येतात, नसलेला शब्द कुठून आणणार?

शाळेच्या जनरल रजिस्टरात आईच्या नावाचा रकाना आहे, पण त्यात बऱ्याच ठिकाणी आडवी रेघ. मग सरांनी मुलांनाच विचारायचं ठरवलं. पहिलीतल्या एकाने आईचं नाव ‘मम्मी’ असं सांगितलं आणि तो त्यावर ठाम राहिला. मोठ्या मुलांनी सांगितलेल्या नावांत वेगळाच पेच निघाला. आईचं नाव काय, यावर कितीतरी घरांत दोन उत्तरं होती. आजोळी हाक मारतात ते एक आणि इथे हाक मारतात ते दुसरं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तांदूळ पुन्हा डब्यात जातात. नोंद कुठेच होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला जुन्या नावाचा, आधार नव्या नावाचं, बँकेच्या पासबुकावर भलतंच. लाडकी बहीण योजनेच्या वेळी, २०२४ च्या जुलैत, पुतण्याच्या दुकानासमोर रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतल्या निम्म्या तक्रारी याच होत्या. “मी एकच आहे हो, कागद दोन आहेत.” एका आजीने तर माहेरचं नाव इतक्या वर्षांनी उच्चारलं की तिलाच हसू आलं. जागा बदलली की नाव बदललं. बेल लॅब्जवाल्यांनी त्यासाठी एकच हुकूम ठेवला यात नवल वाटायला नको होतं.

आयांच्या नावांची यादी यायला काही दिवस गेले. ती आली, जोडली, पुन्हा एकदा वाचली गेली. मग पुतण्याने ‘एको’ काढलं आणि स्क्रिप्ट चालवली. सगळ्या शाळेचं नामकरण डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकलं. मुख्याध्यापक अजून पडद्याकडे बघत होते, कधी सुरू होणार म्हणून.

नाव इतक्या झटकन बदलतं याची आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना सवय नाही. आमच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि ते नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, किती जणांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग पाहिला. शेवटी नामांतराचा नामविस्तार झाला, म्हणजे जुनं ‘मराठवाडा’ राहिलं आणि त्याच्या आधी नवं नाव आलं. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्यापुढे नावात काय आहे असं कुणी म्हणू नये. माझ्या पदवीवर जुनं नाव आहे, पुतण्याच्या पदवीवर नवं. दोन्ही घरात एकाच कपाटात आहेत.

अलीकडे बदल लवकर होतात, पण लोकांच्या तोंडात बसायला आपला वेळ घेतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, तरी एसटी स्टँडवर अजून दोन्ही नावांनी विचारतात आणि कंडक्टर दोन्हींना एकच तिकीट देतो. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे. पुतण्याच्या दुकानात येणारा एकही शेतकरी तसं म्हणत नाही. “तलाठी आप्पा आहेत का सज्जावर?” असंच विचारतो, आणि ग्राम महसूल अधिकारी आतून ‘ओ’ देतात. लिनक्समध्ये यासाठी म्हणे सोय आहे. जुन्या नावाची नुसती एक खूण ठेवायची, तिने नव्याकडे बोट दाखवायचं. शासनाने ती सोय केलेली नाही, लोकांनी आपली आपण करून घेतली.

महसूल खात्याला नावं ठेवणं आपल्याला सोपं जातं, पण एक गोष्ट त्यांनी पक्की बांधलीय. सातबाऱ्यावरचं नाव नुसतं खोडून नवं लिहिता येत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक राहतो. पणजोबांच्या नावापर्यंत जायचं असेल तर त्या आकड्यांना धरून मागे मागे जाता येतं. शेलच्या दरबारात नोटीस नाही, हरकत नाही, आणि पंधरा दिवसांच्या जागी एक क्षणही नाही. तिथली फेरफार नोंदवही आपणच ठेवायची असते.

पुतण्या ती ठेवतो. स्क्रिप्टची फाइल तो पुसत नाही. तिच्यातच जुनं नाव डावीकडे आणि नवं उजवीकडे असतं, उद्या उलटं फिरवायचं तर दोन रकान्यांची अदलाबदल केली की झालं. शाळेच्या फोल्डरात त्याने ती ‘फेरफार’ या नावाने ठेवली आणि एक प्रत मुख्याध्यापकांच्या पेनड्राइव्हवर दिली. ओळखपत्रं छापून वाटली गेल्यावर एकाच मुलाच्या कार्डाची तक्रार आली. त्यावर आईचं नाव ‘मम्मी’ असं छापलं होतं. ते त्याच्या आईने घरी ठेवून घेतलं आणि नवं करून मागितलं.

तुमच्या फोनमधले, शाळेतले, लग्नातले फोटो असे बिननावाचे पडले असतील तर एखाद्या दुपारी यादी काढा, घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि मगच नावं बदला. जुन्या नावांची यादी मात्र टाकू नका. आणि घनसावंगीला येणार असाल तर तिकीट काढताना ‘घन’ म्हणायला विसरू नका.